मुठीतलं घुंगरू

मंगळवार, रात्री साडेअकरा

घुंगरू अजून ओट्यावरच आहे, मिसळणाच्या डब्याशेजारी. कपाटात ठेवायचं म्हणून तीनदा उचललं आणि तीनदा परत तिथेच ठेवलं. आई उद्या देवासहून येतील, त्याआधी हलवायला हवं.

सकाळी पोह्यांच्या गाडीवर तो बोलला ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये. जीरावण भुरभुरवत अगदी सहज म्हणाला, "शनिवारी तू मध्येच काय विचारलंस, मला आठवतच नाही. अगं, तू काहीही विचारलं असतंस ना, मी हो म्हटलं असतं." हसून म्हणाला, कौतुकानं म्हणाला. माझ्या घशाखाली पुढचा घास उतरेना. जिलबी तशीच राहिली.

शनिवारी मी त्याला दोरीनं बांधलं होतं, नेहमीसारखं, दोघांच्या मर्जीनं. मध्येच मी विचारलं होतं, "अजून दहा मिनिटं?" आणि तो "हं" म्हणाला होता.

झालं काहीच नाही. दंडावरचे दोरीचे वळ रविवारी दुपारपर्यंत गेले. दंडाच्या मागून वळसा घेऊन जाणारी नस दाबली गेली तर मनगट लुळं पडतं, म्हणून रविवारी चारदा त्याला मनगट वर करायला लावलं, माझी दोन बोटं घट्ट धरायला लावली. सगळं ठीक. आणि हेच टोचतंय. काही झालं असतं तर निदान कुठे चुकलं त्यावर बोट तरी ठेवता आलं असतं.

ठरलं तर सगळं होतं. वीस मिनिटं, वर एक नाही. दोघांनी दिवसभरात दारूचा थेंबही घ्यायचा नाही. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री उशाशी. शब्द नेहमीचे: हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा सांभाळून, लाल म्हणजे थांब. आणि शब्दच सुचेनासे झाले तर घुंगरू, माझ्या कथकच्या चाळातून सुटलेलं. त्यानं मूठ उघडायची, ते फरशीवर पडलं की मी थांबणार.

ते पडलं नाही. म्हणजे सगळं बरं चाललंय, असं मी धरून चालले.

दोऱ्या सोडल्या तरी त्याची मूठ उघडेना. एकेक बोट मी सोडवलं. तळहातावर घुंगराचा ठसा उमटला होता, लालभडक, त्यावरची चीरसुद्धा दिसत होती. तो त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होता. म्हणाला, "हे कधी दिलंस?"

म्हणजे हातात काही आहे हेच तो विसरला होता. मग ते न पडण्याला अर्थ काय राहिला? अंग सैल सोडणाऱ्या माणसाच्या हातून ते पडलं असतं. पण तो मूठ आवळणारा आहे, हे मला नऊ वर्षांत कळायला नको होतं?

बांधून घेणाऱ्याला लागते त्या तंद्रीला हे करणारे आम्ही सगळे 'सबस्पेस' म्हणतो आणि तिथे पोचलेल्याचा थोडा हेवाही करतो. दुखणं बोथट होतं, वेळेचा पत्ता राहत नाही, जीभ जड होते. शरीर स्वतःच अफूसारखं काहीतरी तयार करतं, त्यात अ‍ॅड्रेनलिनची भर. तो म्हणतो, विहिरीच्या तळाशी बसून आभाळाचं वर्तुळ बघावं तसं वाटतं. वरून कुणी हाक मारली तर तो 'ओ' देणारच. त्या 'ओ'ला मी होकार समजले.

ताईंनी मागे पलासियाला चहावर एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाचा, २०१७ मध्ये छापून आलेला. माणसं फक्त १४, पण सगळी यातली जाणती. कुणी सूत्रं हातात घ्यायची आणि कुणी सोपवायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. चाचणी अशी की 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला दाखवायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचा. सोपवणाऱ्यांची तिथे गडबड झाली. आज दुपारी जेवताना ते आठवलं आणि पोटात खड्डा पडला. आमचा सगळा भरवसा त्याला ऐन वेळी 'लाल' सुचण्यावर!

आणि त्याच अभ्यासातलं दुसरं: सूत्रं ज्यांच्या हाती, तेसुद्धा एका तंद्रीत गेले होते. हे मी तेव्हा नुसतं ऐकून सोडलं. शनिवारी वीस मिनिटांचा गजर वाजला तेव्हा बंद कुणी केला? मीच. गाठ इतकी सुंदर बसली होती, हातांना इतकं बरं वाटत होतं. म्हणजे विचारणारी पुरती जागेवर नव्हती आणि उत्तर देणाराही नव्हता. मग त्या खोलीत जागं कोण होतं?

आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, लागू झाली, १ जानेवारी २०२२ ला, तेव्हा मी रडले होते. दोघांच्या मर्जीनं चाललेलं हे सगळं आजारांच्या यादीतून निघालं म्हणून. सगळा डोलारा त्या एका 'मर्जी'वर उभा आहे, आणि तिलाच मी तंद्रीत हात घातला.

सोमवारी ऑफिसात कुणी नुसतं "मॅडम, चहा?" म्हटलं आणि माझे डोळे भरून आले. ड्रॉप, म्हणजे सगळं उतरल्यावर मन असं खचणं, दोन-तीन दिवसांनीही येतो, बांधणाऱ्यालाही येतो, सगळं माहीत आहे. पण शनिवारी गोधडी त्याला, गूळ-शेंगदाणे त्याला, केसांतून हात त्याच्या. मला कुणी विचारलं नाही. मी कुणाला सांगितलंही नाही. आईंना कधी काही कळलं तर... ते आज नको.

पाऊणला तो पाणी प्यायला उठला. ओट्यावरचं घुंगरू त्यानं पाहिलं, मग मला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "तू विचारशील ते बरंच असेल, म्हणूनच मी तिथवर जातो." मी म्हटलं, म्हणूनच तिथे काही नवीन विचारायचं नाही. काय वाढवायचं ते पुढच्या आठवड्यात, कपडे घालून, चहा पिताना. गजराचं घड्याळ आता बाहेरच्या खोलीत, कपाटावर, चालत जावं लागेल असं.

आणि घुंगरू उलटं करायचं ठरलं. पडलं तर थांबायचं, असं नाही. मी त्याच्या तळपायाला हात लावला की त्यानं ते वाजवायचं. नाही वाजलं तर सोडायला लागायचं, काही न विचारता.

तो ओट्याला टेकून उभा होता, डोळे मिटून, घुंगरू चिमटीत. मी खाली वाकून त्याच्या गार पावलाला हात लावला. वाजलं. पुन्हा लावला. पुन्हा वाजलं.