व्हीएम हलवताना होस्टच उघडा पडतो तेव्हा

कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठल्याबी कारखान्यात जावा, कोपऱ्यात एक दणकट सर्व्हर, त्यावर लिनक्स आणि केव्हीएम (एका मशीनमध्ये अनेक मशीनं चालवायची लिनक्सची सोय), आत चार-पाच व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेली मशीनं, एकात टॅली, एकात ईआरपी, एकात हजेरीचं सॉफ्टवेअर. आयटी बघणाऱ्या पोराला विचारा, तो हमखास सांगणार, "दादा, एक व्हीएम हॅक झाली तरी बाकीच्यांना कायबी होत नाही, सगळ्या वेगळ्या आहेत." बहुतेक वेळा ते खरंय. पण सीव्हीई-२०१९-१४८३५ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या त्रुटीचा नंबर, ही त्रुटी लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली) नीट वाचल्यापासून हे वाक्य कानावर पडलं की मी समोरच्याला तिथंच थांबवतो.

खरा सर्व्हर म्हणजे होस्ट, त्यातली व्हीएम म्हणजे गेस्ट. व्हीएमचं नेटवर्क कार्ड खरं नसतं. बहुतेक ठिकाणी व्हर्टआयओ असतं, म्हणजे गेस्ट आपल्याच मेमरीत डिस्क्रिप्टरची यादी ठेवतो, पॅकेट कुठल्या पत्त्यावर आहे, लांबी किती, आणि होस्ट ती यादी वाचून पॅकेट उचलतो. पूर्वी हे काम क्यूईएमयू हा व्हीएम चालवणारा प्रोग्राम करायचा, ती साधी युजरस्पेसमधली, म्हणजे कर्नलबाहेरची प्रोसेस, फुटली तरी हल्लेखोर आधी त्या प्रोसेसमध्येच अडकायचा, पुढं सरकायला त्याला अजून काहीतरी फोडावं लागायचं. पण दर पॅकेटला क्यूईएमयू मध्ये आला की वेळ जातो, म्हणून २०१० साली २.६.३४ कर्नलमध्ये व्हीहोस्ट-नेट आलं आणि हे काम थेट होस्टच्या कर्नलमध्ये गेलं. स्पीड लै वाढला, मान्य. पण गेस्टनं लिहिलेली यादी आता कर्नल स्वतः वाचायला लागला, आणि गेस्ट कुणाच्या हातात आहे ते कर्नलला काय माहीत.

आता लाइव्ह मायग्रेशन. चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या होस्टवर न्यायची तर मेमरी कॉपी होत असताना कुठली पानं बदलली याचा लॉग ठेवावा लागतो, व्हीहोस्टनं लिहिलेल्या पानांचासुद्धा. इथं दोन हिशोब चालतात, पॅकेटचे तुकडे किती झाले आणि लॉगमध्ये नोंदी किती झाल्या. दोन्हींची जागा ठरलेली, साधारण हजारभर खणांची. चेक मात्र पहिल्याचाच व्हायचा, कारण नोंदी तुकड्यांपेक्षा जास्त होऊच शकत नाहीत असं कोडनं धरलेलं. मग गेस्टनं शून्य लांबीचा डिस्क्रिप्टर दिला तर? तुकडे शून्य, नोंद एक. कारखान्याच्या गेटातनं रिकामे टेम्पो सोडत राहा, गोडाऊनमध्ये माल काहीच चढत नाही पण वॉचमनच्या वहीत ओळी पडत राहतात, आणि साहेब बघतो फक्त गोडाऊन भरलं का ते. वही संपली की पुढची नोंद वहीबाहेर, म्हणजे कर्नलच्या भलत्याच मेमरीत. होस्ट क्रॅश, किंवा नीट जुळवून आणलं तर होस्टवरच ताबा. त्यासाठी गेस्टमध्ये रूट, म्हणजे पूर्ण अधिकार पाहिजे आणि मायग्रेशन चालू पाहिजे, बास.

टेन्सेंट या चिनी कंपनीच्या ब्लेड या सुरक्षा टीमनं हे शोधलं, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं, आणि कर्नल ५.३ मध्ये दुरुस्ती आली. म्हणजे ९ वर्षं ते तसंच होतं! दुरुस्ती बघाल तर एवढीशी, लांबी शून्य असेल तर लॉगमध्ये नोंदच करायची नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. होस्टवर पॅच टाकायचा तर आपण काय करतो? त्यावरच्या व्हीएम लाइव्ह दुसरीकडं हलवतो, मग रीबूट. म्हणजे पॅच नसलेल्या होस्टवर नेमका तोच क्षण धोक्याचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, तेव्हा शाहूपुरीत एका ठिकाणी पाणी चढायच्या आधी आम्ही तळमजल्यावरच्या व्हीएम वरच्या मजल्यावरच्या मशीनवर चालू अवस्थेतच नेल्या, बिलिंग एक मिनिट थांबलं नाही आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. तिथं सगळ्या व्हीएम एकाच मालकाच्या होत्या. पण दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना रूट देऊन व्हीएम भाड्यानं देणाऱ्यानं जुन्या कर्नलवर हेच केलं असतं तर त्यातल्या कुठल्याही एकाला दार उघडं होतं.

म्हणून अजून कुणाकडं असला जुना होस्ट असेल तर व्हीएम आधी चक्क शटडाउन करा, मग हलवा, गिऱ्हाईक थोडं ओरडलं तर ओरडू दे. ते जमतच नसेल तर निदान व्हीहोस्ट बंद करून नेटवर्क परत क्यूईएमयूवर आणा, स्पीड कमी होईल पण कर्नल त्या यादीपासून लांब राहतो, आणि हे करताना व्हीएम एकदा पूर्ण बंद करून चालू करावी लागते हे विसरू नका. व्हीहोस्ट लोड आहे का ते एलएसमॉड या कमांडमध्ये दिसतं. अजून एक, नुसता कर्नलचा आकडा बघून घाबरू नका किंवा निवांतही होऊ नका, रेड हॅटवाले ३.१० सारख्या जुन्या आकड्यातच पॅच घालून देतात, त्यामुळं पॅकेजचा चेंजलॉग उघडून त्यात हा सीव्हीई नंबर शोधा, आणि अपडेट टाकल्यावर होस्ट खरंच रीबूट झालाय का ते यूनेम कमांडनं बघा, कारण कितीतरी ठिकाणी नवा कर्नल डिस्कवर पडून असतो आणि चालू मात्र जुनाच असतो.