३० सप्टेंबरचा पट आणि दिवाळीनंतरचं गाव

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर आमचं केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. जमीन मुरमाड, शेती पावसावरची, शाळा बहुतेक चौथीपर्यंतच्या आणि दोनशिक्षकी. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागं राहणाऱ्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी स्थलांतरित कुटुंबांचं सर्वेक्षण माझ्याकडे आलं. घरोघर जायचं, ऊसतोडीला कोण जाणार, मागं कोण राहणार, ६ ते १४ वयाची लेकरं किती, एवढं लिहून आणायचं. कागदावर सोपं काम.

अडचण तारखेची आहे. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि तेव्हा वर्ग भरलेले असतात. कारखान्यांचं गाळप सुरू होतं दिवाळीच्या आसपास. सुट्टी संपवून शाळा उघडावी तर ओळीनं घरांना कुलपं. पटावर मात्र सगळे हजर राहणारे विद्यार्थीच.

‘यंदा जाणार का?’ असं विचारलं की सरळ उत्तर मिळत नाही, हे पहिल्या दोन-तीन घरांतच कळलं. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, म्हणजे तो कर्जाचा प्रश्न झाला. गुरुजींना कोण सांगणार? मग मी मुकादमांकडे, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्यांकडे गेलो. त्यांच्या वहीत कोणता कोयता कोणत्या कारखान्याला जाणार, हे आमच्या कुठल्याही नमुन्यापेक्षा चोख असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरांचा त्या वहीत पत्ता नाही. आमच्या हजेरीत लेकरं आहेत, पण आईबाप कुठं आहेत याची नोंद नाही. दोन्ही समोर ठेवून नावं जुळवली तेव्हा कुठं खरी यादी झाली.

मग संमतीपत्रं. वसतिगृह म्हटलं की इमारत डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे तसं काही नाही. लेकरं आजी-आजोबांकडे झोपतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती देते, दुपारचा पोषण आहार असतोच. तेव्हा सगळं येऊन ठेपतं मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर. एक आजी म्हणाल्या, ‘‘ठिवा म्हणता गुरुजी, पण मलाच रातचं दिसत नाही. पोरगं तापलं तर कुणाला हाक मारू? आळीत हाय कोण?’’ खरंच कुणी नव्हतं. नमुन्यात ‘पालकाचे नाव’ असा रकाना होता. त्या पालकाला दिसतं का, हे विचारणारा नव्हता.

मुलींचं गणित वेगळंच. धाकट्याला सांभाळायला आणि कोपीवर (तोडणीच्या जागच्या झोपडीत) भाकरी करायला दहा-बारा वर्षांची मुलगी सोबत हवी असते. त्याहून मोठी असेल तर तिला गावात एकटी ठेवायची भीती, आणि त्या भीतीतूनच कमी वयातली लग्नं उरकली जातात. त्यात मुली मुळातच कमी. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. ही पिढी आमच्या वर्गांतूनच पुढं गेली. बाकांवर ते दिसायचं.

प्रस्ताव समितीच्या ठरावासह केंद्रप्रमुखांकडून वर गेला. मंजुरी यायच्या आधीच टोळ्या निघाल्या, तेव्हा वाण्याच्या उधारीवर चूल पेटवली. दर वर्षीचं हे ठरलेलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

जी लेकरं गेलीच, त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं. कार्ड दाखवलं की तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं. साताऱ्या-सांगलीकडे ते कधीकधी चालतं. पण टोळी उसाचे फड बदलत फिरते आणि कोप्या रानात, शाळेपासून लांब असतात. कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेल्याला तर जवळची शाळा बहुधा कानडी असते. दुसरीतलं पोर तिथं काय वाचणार?

महिन्याहून जास्त सलग गैरहजर राहिलेलं मूल नियमानं शाळाबाह्य ठरतं. तसं लिहिलं तर वरून विचारणा होते. म्हणून बहुतेक ठिकाणी लिहिलं जात नाही. आम्ही लिहिलं. विचारणा झाली, खुलासा दिला, सोबत मुकादमाच्या वहीशी जुळवलेली यादी जोडली. नंतर काही आलं नाही.

नव्यानं हे काम अंगावर आलेल्यांना एवढंच सांगतो: पोळ्याच्या आत मुकादमांना गाठा, दसऱ्यानंतर ते सापडत नाहीत. संमतीवर आई आणि वडील दोघांचीही सही घ्या. यादीत एक रकाना हातानं आखा, मागं राहणाऱ्या माणसाचं वय आणि तब्येत लिहायला. जिथं ‘दिसत नाही’, ‘चालवत नाही’ असं येईल, त्या घरातली लेकरं कुठं झोपतील हे टोळ्या निघायच्या आधीच समितीच्या बैठकीत ठरवून घ्या.