दुधाच्या हिशोबाच्या चौकटी

२०२२च्या पावसाळ्यात ताप आला आणि गेला, पण अंगातलं त्राण परत आलं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, साखर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालत जा. आठवडाभर चालले आणि नंतर गॅससमोर उभं राहून फोडणीसुद्धा घालता येईना.

पुढे मुलाने जपानमधल्या ओसाकातल्या संशोधनाबद्दल वाचून दाखवलं. २०१४ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या ९ रुग्णांच्या आणि १० निरोगी माणसांच्या मेंदूचं पेट (PET) स्कॅन केलं होतं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. त्या जाग्या झाल्या, की एक प्रथिन वाढतं आणि स्कॅनसाठी टोचलेला किरणोत्सारी पदार्थ त्याला चिकटतो. रुग्णांच्या मेंदूत तो जास्त दिसला, म्हणजे सूज असल्याची खूण. ऐकून मी रडले. दोन वर्षं "मनाचे खेळ आहेत" ऐकत होते.

मलाही तोच स्कॅन हवा होता. पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टनी शांतपणे समजावलं, "ताई, हा फरक गटाच्या सरासरीत दिसतो, एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही. शिवाय नेदरलँड्समधल्या अभ्यासात अशी सूज सापडलेली नाही." मग विचारलं, "काम केल्यावर त्रास लगेच होतो की नंतर?" मला सांगता येईना.

घरी दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब लिहायचे. त्याच चौकटीत दुधाखाली दिवसभराचं काम लिहू लागले. "सोम: दीड लिटर, पाहुणे. मंगळ: ठीक. बुध: उठवत नाही." दोन महिन्यांत आठ वेळा हेच. डॉक्टरांनी ती पानं बोट ठेवून वाचली, मला भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं केलं, दर मिनिटाला नाडी मोजली. श्रमानंतर उशिराने बळावणारा त्रास, झोपूनही न जाणारा शीण, उभं राहिल्यावर धडधड, आणि हे सगळं सहा महिन्यांच्या वर. निदान झालं: एमई/सीएफएस.

औषध नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. चालणं वाढवत नेण्याचा सल्ला मात्र थांबवला. ब्रिटनच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतूनही तो काढलाय. मी चालून जे गमावलं, ते आणखी कुणी गमावू नये असं फार वाटतं.

यंदा गणपतीत सारण आदल्या दिवशी केलं, मोदक दुसऱ्या दिवशी, स्टुलावर बसून. अकराच केले. तिसऱ्या दिवशीच्या चौकटीत लिहिलंय: "एक लिटर. ठीक."