जॉन, शेतमजूर, वय अंदाजे पन्नास

माझ्या सासऱ्यांच्या खापरपणजोबांचे वडील सापडत नाहीत. नातं ऐकूनच दम लागतो, मान्य. पण आमच्या घरी त्यांचा विषय घर सोडून गेलेल्या धाकट्या काकासारखा निघतो. जेवताना सासरे अचानक म्हणतात, ‘जॉन त्या वर्षी नक्की डोंगरापलीकडे होता.’ कोण जॉन, हे आता कुणी विचारत नाही.

जॉन इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीतला, वायली नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यातला. 6 जून 1841 च्या रात्रीच्या शिरगणतीत तो आहे. वय पन्नास, धंदा शेतमजूर, ‘जन्म याच काउंटीत का?’ या रकान्यात ‘होय’. हे पन्नासही खरं नव्हे. त्या खेपेला पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहायची असा नियम होता, म्हणजे पन्नासपासून चोपन्नपर्यंत काहीही. कोणत्या गावी जन्म झाला हे विचारायला सरकारला सुचलं ते 1851 साली, आणि तोवर जॉन वारला होता. मृत्यूचा दाखला आहे, पण इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यावर मोठ्या माणसाच्या आईबापांची नावं नसत. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव लिहायला सुरुवात झाली 1837 पासून. याचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. त्या पानावर ‘दोघेही याच पॅरिशचे’, म्हणजे याच चर्चच्या हद्दीतले, एवढंच आहे आणि सहीच्या जागी फुली. एखाद्याने ठरवून तोंड चुकवलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

मग उरतात चर्चच्या वह्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला करावी, असं फर्मान आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने 1538 साली काढलं. लोकांना वाटलं, ही नव्या कराची तयारी. तसं काही झालं नाही. झालं ते 245 वर्षांनी, 1783 मध्ये. दर नोंदीमागे तीन पेन्स! आठवड्याला सात-आठ शिलिंग कमावणाऱ्या मजुराला हे चटका देणारंच. कंगालांना माफी होती, पण त्यासाठी वहीत नावापुढे कंगाल असल्याचा शेरा मारून घ्यावा लागे. काहींनी तो घेतला, काहींनी बाप्तिस्माच लांबवला. कर 1794 साली उठला. शिरगणतीवाल्याने नियम पाळला असेल, तर आमचे जॉनराव 1786 ते 1791 मध्ये जन्मले, म्हणजे बरोब्बर या कराच्या तोंडी.

जॉन या नावाचाही काही उपयोग नाही. त्या काळी गावातले निम्मे पुरुष जॉन, विल्यम किंवा टॉमस. आडनाव इथे लिहीत नाही, तेही साधंच आहे आणि पाद्री ते कानाला येईल तसं लिहायचे, एकाच घरातल्या भावंडांचं वेगवेगळं. आसपासच्या गावांत याच सुमारास जन्मलेले या नावाचे तिघे सासऱ्यांना सापडले. एकाची दफनाची नोंद काही महिन्यांत आहेच. उरलेल्यांपैकी एक जण इंटरनेटवरच्या अर्ध्या डझन वंशवृक्षांत बिनदिक्कत आमचा जॉन म्हणून बसवलेला आहे. कुणी तरी एकाने अंदाज केला, बाकीच्यांनी उतरवून घेतला. सासरे हे वंशवृक्ष पाहून ज्या सुरात ‘इंटरेस्टिंग’ म्हणतात तो सूर सुनेला ओळखू येतो.

उतरवून घेण्याची खोड अर्थात जुनीच आहे. शेक्सपिअरची 26 एप्रिल 1564 ची बाप्तिस्म्याची नोंद पाहायला लोक स्ट्रॅटफर्डला जातात, पण ते मूळ पान नव्हे. 1598 साली जुन्या कागदी वह्या चामड्याच्या पानांवर उतरवा असा हुकूम सुटला, त्यानंतर केलेली ती नक्कल. नक्कल करणाऱ्याला त्या दिवशी कंटाळा आला नाही हे आपलं नशीब.

माझ्या माहेरच्यांची पाच-सहा पिढ्यांची नावं नाशिकला उपाध्यांच्या नामावळीत आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. सासऱ्यांना याचा फार हेवा वाटतो. त्यांना मी एवढंच सांगितलं की त्या वहीत यायला आधी नाशिकपर्यंत यावं लागतं, आणि ते ज्यांना परवडलं नाही त्यांना आमच्याकडे कोणी विचारत नव्हतं. विल्टशरच्या मजुराला निदान जन्मल्याबरोबर वही होती.

आणि गरीब झाल्यावर दुसरी होती. हा भाग मला चर्चच्या सगळ्या पानांपेक्षा आवडतो. 1662 च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचं एक हक्काचं पॅरिश ठरलं. मदत मिळायची ती तिथेच. बाहेरचा कुणी हात पसरील असं दिसलं की गावकारभारी त्याला दोन मॅजिस्ट्रेटांपुढे उभा करायचे आणि त्याचा जन्म, चाकऱ्या, लग्न, पोरं, सगळं विचारून घ्यायचे, का तर त्याला कुठे परत धाडता येईल ते कळावं. ज्याच्यावर पै खर्च करायची नाही, त्याचं चरित्र पानभर! चिपनमच्या अभिलेखागारात सासऱ्यांना असा एक जबाब मिळाला, 1817 चा. बायकोचं नाव जुळतं, मुलांची वयं जुळतात. जॉन सांगतो, आपण अमुक गावी जन्मलो ‘असं ऐकलं आहे’. बापाचं पॅरिश माहीत नाही. त्या अमुक गावाच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा नाही, हे ओघानं आलंच. त्याची रवानगी तिकडेच झाली, आणि 1841 मध्ये हा गडी पुन्हा वायलीच्या खोऱ्यात! केव्हा परतला, कसा परतला, कागद नाही.

जबाबात एक शेतकरीही आहे. लग्नाआधी जॉन त्याच्याकडे मायकलमासला, म्हणजे 29 सप्टेंबरच्या सणाला, सालगडी म्हणून राहिला. अविवाहित माणसाने पूर्ण वर्ष चाकरी केली की त्या गावाचा हक्क मिळे. म्हणून पुष्कळ मालक एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत, किंवा वर्ष भरायच्या तोंडावर गड्याला वाटेला लावत. जॉनला काही दिवस आधी पगार कापून घरी पाठवलं होतं. ते काही दिवस भरले असते, तर मॅजिस्ट्रेटांपुढे सांगायला त्याच्याकडे एक गाव असतं.

या शेतकऱ्याला शोधायला सासऱ्यांना एक दुपार पुरली. त्याचा बाप्तिस्मा आहे, मृत्युपत्र आहे, जमिनीचे कागद आहेत आणि चर्चमध्ये भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. पाटी पाहायला आम्ही दोघं गेलो होतो. गोरगरिबांचा कनवाळू दाता, असं काहीसं तिच्यावर कोरलेलं. सासऱ्यांनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचली.

‘एक्कावन्न आठवडे,’ ते म्हणाले, आणि जेवायला कुठे जायचं ते विचारू लागले.