नोव्हेंबरातला तो जादा तास

"मार्चमध्ये कुरकुर केलीस तर समजू शकतो, झोप जाते. पण नोव्हेंबरात तर एक तास फुकट मिळतो. त्याचा कसला एवढा राग?"

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात, ती उन्हाळी वेळ, आणि नोव्हेंबरात पुन्हा एक तास मागे आणतात, ती प्रमाण वेळ. मी इथे हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स आहे, आणि नोव्हेंबरातल्या त्या रात्रीवर माझा राग आहे. दर वर्षी हे कुणी ना कुणी विचारतंच. मैत्रिणी विचारतात, शेजारी विचारतात, भारतातून फोनवर मामेभाऊ विचारतो. गेल्या खेपेला आमच्याच हॉस्पिटलातल्या दिवसपाळीच्या एका नर्सनेही विचारलं, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. तोंडी मी दोन वाक्यांत विषय संपवते, कारण खरं उत्तर लांब आहे आणि ऐकणाऱ्याला जायची घाई असते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

तास फुकट मिळतो तो झोपलेल्यांना. मध्यरात्रीनंतर २ वाजता घड्याळ पुन्हा १ वर येतं, तेव्हा मी संध्याकाळी सातपासून उभी असते आणि सकाळी सातपर्यंत उभं राहायचं असतं. बारा तासांची पाळी तेरा तासांची होते. पगार तेराचा मिळतो, कायदाच तसा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दमण्याबद्दलही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून तो दोनदा काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना दिसत नाही.

दर तासाला नोंदी करायच्या असतात: नाडी, रक्तदाब, लघवी किती झाली, सलाईन किती गेलं. तक्त्यात १ वाजताचा रकाना एकच असतो. दिवसाची बेरीज चोवीस तासांची, आणि त्या दिवशी तास पंचवीस. रात्री १२ ला दिलेलं दर चार तासांचं औषध घड्याळातल्या चारला द्यायचं म्हटलं तर मध्ये पाच तास जातात, म्हणून घड्याळाकडे न बघता बोटांवर तास मोजायचे. आमच्याकडे त्या वेळात संगणकावरची नोंद बंद ठेवतात, कारण त्याला दोन १:३० वेगवेगळे ठेवता येत नाहीत. तेवढं सगळं कागदावर लिहायचं आणि मागाहून चढवायचं. मॉनिटरची वेळ आपोआप बदलते, सलाईनच्या पंपाची बदलत नाही, भिंतीवरचं घड्याळ कुणाला तरी सवड होईल तेव्हा बदलतं. एकाच खोलीत दोन वेळा नांदत असतात.

प्रसूती विभागातली जुळ्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पहिलं बाळ १:५० ला होतं, दुसरं वीस मिनिटांनी, म्हणजे १:१० ला, आणि धाकटं कागदोपत्री थोरलं ठरतं. लोकांना याची गंमत वाटते, मलाही वाटायची. पण हॉस्पिटलात माणसं जन्मतात तशी जातातही, आणि त्याच तासातही जातात.

आता तो प्रसंग. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, वर्षही सांगत नाही.

एक आजोबा होते. दोन दिवसांपासून सगळ्यांना कल्पना होती. मुलगी दुसऱ्या टोकाच्या राज्यात, तिचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. मुलगा गाडीने निघाला होता, बराच लांबून, वाटेत थांबून थांबून फोन करत होता. "मी पोचेन ना?" एवढाच प्रश्न. असल्या प्रश्नाला नर्सने काय उत्तर द्यायचं ते शिकवलेलं असतं, मी तसंच दिलं. आत येऊन आजोबांच्या कानाशी सांगितलं की तो निघालाय. त्यांना कळलं की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही.

तो पोचला. खालच्या सुरक्षारक्षकाने रात्री येणाऱ्यांना देतात तशी छापील चिठ्ठी त्याच्या छातीवर चिकटवली होती, तिच्यावर वेळ होती १:४०. तो धावत आला होता, दारात क्षणभर थबकला, मग खुर्ची ओढून वडिलांचा हात हातात घेऊन बसला. बोलत होता. गाडीत लागलेल्या पावसाबद्दल, बहिणीच्या विमानाबद्दल, घराच्या गळक्या छपराबद्दल. मी आत-बाहेर करत होते. दोन वाजले, म्हणजे पुन्हा एक वाजला. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटचा श्वास झाला तेव्हा हात त्याच्या हातात होता आणि मी पलीकडे उभी होते. डॉक्टर आले, तपासलं, वेळ सांगितली: १ वाजून २० मिनिटं.

मुलगा आल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती.

मृत्यूच्या दाखल्यावर वेळ १:२० लागली. त्याच्या चिठ्ठीवर, खालच्या रजिस्टरात, १:४०. कागद वाचणाऱ्याला काय दिसणार? बाप गेला आणि वीस मिनिटांनी मुलगा आला.

काही आठवड्यांनी तो आमच्या मजल्यावर आला आणि त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं ते विचारू लागला. मी नेमकी होते. भावंडांचं आधीपासून फारसं बरं नव्हतं, ते मला त्याच्या बोलण्यावरून कळलं. तो आजारपणात फिरकला नाही, हा बहिणीचा राग आधीचाच होता. आता तिच्या हातात दाखला होता. तू उशिराच पोचलास, आणि वर मला सांगतोस की त्यांचा हात धरून बसला होतास, असं तिचं म्हणणं. त्याने तिला घड्याळ बदलल्याचं सांगून पाहिलं. तिला ती सबब वाटली. उभ्याउभ्याच तो मला म्हणाला, "तुम्ही होतात ना तिथे? मी होतो ना?"

मी म्हटलं, होतात. शेवटपर्यंत होतात. त्याला तेच ऐकायचं होतं की कागदावर लिहून हवं होतं, मला समजलं नाही. लिहून देणं माझ्या अधिकारात नव्हतं. मी वरिष्ठांकडे गेले, त्यांनी नोंदविभागाकडे विचारलं. उत्तर आलं की सगळ्या नोंदी बरोबर आहेत, दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आणि खरोखरच नव्हतं. १:४० बरोबर होतं, १:२० ही बरोबर होतं. डॉक्टर चुकले नव्हते, रक्षक चुकला नव्हता. आमच्या कागदी नोंदीत मी दुसऱ्या तासापुढे 'प्रमाण वेळ' असं लिहिलं होतं, ते कागद त्याला रीतसर अर्ज करून मिळतील हे मी सांगितलं. ते त्याने मागवले का, बहिणीने पाहिले का, पाहून तिचं मन फिरलं का, मला माहीत नाही. एवढा मोठा घाव, आणि बोट दाखवायला कुणीच नाही. माझा राग तिथला आहे.

तुम्ही म्हणाल, एका दाखल्यावरून देशाची घड्याळं कशी ठरवायची? ठरवू नका. मला विचारलंत म्हणून माझं कारण सांगितलं. आणि हा सगळा प्रकार मूर्खपणाचा आहे, असंही मी म्हणत नाही. मामेभाऊ म्हणतो, आपल्याकडे ही भानगड नाही, आपलं अडतं का? नाही अडत, कारण तिथे उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसांत एवढी तफावत नसते. न्यूयॉर्कला जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरात सव्वानऊचा. इथल्या माणसाला उजेडाची हाव सुटते, ती मलाही सुटली आहे. (शिवाय १९४२ ते १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळंही एक तास पुढे होती, हे मी त्याला ऐकवते.) शेतकऱ्यांसाठी हे सुरू झालं असं जे सांगतात ते मात्र उलटं आहे. १९१८ साली अमेरिकेत हा कायदा आला तेव्हा शेतकरीच विरोधात होते, आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९१९ मध्ये तो रद्द केला. यामुळे वीज वाचते असं सांगतात, त्याचंही तसंच. इंडियाना राज्याने २००६ मध्ये सगळीकडे घड्याळं बदलायला सुरुवात केली, तेव्हा घरांचा वीजवापर एक टक्क्याच्या आसपास वाढल्याचं अभ्यासात दिसलं.

मग काढून टाका, एवढं म्हणणं सोपं आहे. काढून कुठली वेळ ठेवायची, तिथे माझंच माझ्याशी पटत नाही.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचे: कायमची उन्हाळी वेळ. रात्रपाळीवाली बाई दुपारी उशिरा उठते. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे आठवडेच्या आठवडे माझ्या वाट्याला जेमतेम तासभर उजेड. २०२२ च्या मार्चमध्ये इथल्या संसदेच्या एका सभागृहाने, सेनेटने, कायमच्या उन्हाळी वेळेचं विधेयक एकमताने मंजूर केलं, तेव्हा मी चार जणींना फोन केले. पुढे दुसऱ्या सभागृहात, प्रतिनिधीगृहात, त्यावर मतदानच झालं नाही. युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये घड्याळं बदलणं बंद करायच्या बाजूने मत दिलं होतं, तेही सदस्य देशांच्या सरकारांपाशी अडकलं.

नंतर मला १९७४ बद्दल कळलं. तेलटंचाईत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने जानेवारीपासून कायमची उन्हाळी वेळ लावली, मुलं काळोखात शाळेच्या बसची वाट बघू लागली, लोक संतापले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती मागे घेतली गेली. माझा आधीचा हट्ट मान्य झाला असता तर जानेवारीत सूर्य सव्वाआठनंतर उगवला असता. सकाळी साडेसातला त्या काळोखात, बारा तास जागून, त्या मुलांच्या शेजारून गाडी नेणारी मीच असते. झोपेच्या विषयातले डॉक्टर कायमची प्रमाण वेळ मागतात, त्यांची कारणं मला पटतात. डोक्याने मी आता त्यांच्या बाजूची आहे. पण दुपारी उठून खिडकीबाहेर मावळतीचं ऊन दिसलं की त्या दिवसापुरती पुन्हा जुन्या बाजूला जाते. यातलं काहीही ठरलेलं नाही, आणि ठरलंय असं मी भासवणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी माघार घेणार नाही. मृत्यूच्या दाखल्यावर वेळेशेजारी 'उन्हाळी' की 'प्रमाण' एवढं लिहायला एक चौकोन हवा, जन्माच्या दाखल्यावरही हवा. मी हे सुचवलं आहे. असे प्रसंग फार थोडे, असं उत्तर मिळालं. थोडे आहेत, खरं आहे.

त्या रात्रीची ड्यूटी मी नाकारते का, हेही काही जण विचारतात. नाकारत नाही. माझ्या जागी जी येईल तिलाही तोच तास दोनदा काढायचा असतो. पाळी सुरू होताना नव्या मुलींना मी बजावते की दुसऱ्या एक वाजल्यापासून प्रत्येक नोंदीपुढे 'प्रमाण वेळ' लिहायचं, घाई असली तरी. आणि त्या तासात कुणी धावत आलं, की छातीवरच्या चिठ्ठीवर पेनाने तेच लिहून देते, आणि ती जपून ठेवा असं सांगते.