खेळणं घेताना आधी बॅटरीचं झाकण बघा

वाढदिवसाला गिफ्ट न्यायचं म्हटलं की आपण रंग बघतो, किंमत बघतो, पण मागचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते कुणी बघतच नाही आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. ती चपटी बटण बॅटरी पोराने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं, त्यामुळे वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तरी जत्रेत, सिग्नलवर बिनमार्कची खेळणी मिळतातच. तीन वर्षांखालच्यांना सुटे डोळे, छोटी चाकं नकोच, आणि लोहचुंबकाचे मणी तर मोठ्या पोरांनाही नको. दुकानदाराला बिनधास्त खोका उघडून दाखवायला सांगा, कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.