थ्रेशर ते फ्लॅशर : न्यू इंग्लंडमधल्या पाणबुडी स्मारकांची दोन दिवसांची वाट

बॉस्टनहून पाणबुड्या बघायला निघालेली मंडळी सहसा सरळ कनेटिकटमधलं ग्रोटन गाठतात. पहिली अणुपाणबुडी नॉटिलस तिथे धक्क्याला उभी आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि दोन तासांत सगळं बघून होतं. जवळच फ्लॅशर या महायुद्धातल्या पाणबुडीच्या नावाचं स्मारक आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या ५२ अमेरिकी पाणबुड्यांच्या नावांचे दगड आहेत. चार फोटो निघतात आणि गाडी हायवेला लागते. बोटींपेक्षा त्यांतली माणसं ज्यांना समजून घ्यायची आहेत, त्यांनी हा क्रम उलटा करावा. आधी उत्तरेला किटरी आणि पोर्ट्समथ, मग दुसऱ्या दिवशी ग्रोटन. दोन-तीन बोटी कशाने गेल्या हे नीट कळलं असेल तरच त्या ५२ दगडांपुढे पाय थांबतात, नाहीतर ती नुसती नावांची रांग होते.

बॉस्टन ते किटरी हे अंतर आय-९५ ने साधारण ६० मैल आहे. रस्ता रिकामा असेल तर तासाभराचा. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी अख्खं बॉस्टन मेन राज्याकडे निघालेलं असतं, तेव्हा सकाळी आठच्या आत शहराबाहेर पडा. न्यू हॅम्पशायरमध्ये हॅम्पटनला टोल आहे. पिस्काटाक्वा नदी ओलांडली की मेन राज्य आणि किटरी गाव सुरू होतं.

किटरीचं थ्रेशर या अणुपाणबुडीचं स्मारक म्हणजे मेमोरियल सर्कल या वाहतुकीच्या गोल चौकातला ध्वजस्तंभ. उंची १२९ फूट, गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक फूट. चौकात गाडी थांबवायला जागा नाही आणि फोटोसाठी वेग कमी केलात तर मागचे भोंगे वाजवतात. गाडी जवळच्या रॉजर्स रोडवरच्या टाऊन हॉलकडे लावा आणि चालत या. रस्ता ओलांडताना जपा, कारण चौकात शिरणाऱ्या चालकाची नजर डावीकडे असते, तुमच्याकडे नसते.

थ्रेशर १० एप्रिल १९६३ ला केप कॉडच्या पूर्वेला सुमारे २२० मैलांवर बुडाली. दुरुस्तीनंतरची खोल बुडीची चाचणी चालू होती आणि वर स्कायलार्क हे जहाज सोबतीला होतं. बोटीवर १६ अधिकारी, ९६ नौसैनिक आणि १७ नागरी माणसं होती. त्या १७ मध्ये गोदीतले कामगारही होते, म्हणजे आपण दुरुस्त केलेल्या बोटीची परीक्षा घ्यायला ते स्वतः उतरले होते. चौकशीत जो क्रम सर्वांत संभवनीय ठरला तो असा : समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा ब्रेझिंग केलेला (मधे दुसरा धातू वितळवून जोडलेला) सांधा सुटला, पाण्याचा फवारा विजेच्या यंत्रणेवर गेला आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली. अशा वेळी उच्च दाबाची हवा सोडून टाक्यांतलं पाणी बाहेर ढकलायचं आणि वर यायचं, हा शेवटचा उपाय. पण त्या हवेत बाष्प होतं. दाब एकदम उतरला की हवा गार पडते, म्हणून नळ्यांतल्या गाळण्यांवर बर्फ धरला आणि हवेची वाट बंद झाली. ना इंजिन, ना हवा. अवशेष सापडले ते सुमारे ८,४०० फुटांवर.

याच अपघातामुळे त्याच वर्षी सबसेफ ही तपासणीची शिस्त सुरू झाली. समुद्राच्या पाण्याशी किंवा दाबाशी ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येक नळी, झडप आणि सांध्यामागे पुरावा हवा : धातू कुठला, काम कोणी केलं, चाचणी कधी झाली. नुसतं तोंडी ‘झालंय’ चालत नाही. त्यानंतर अमेरिकेने आणखी एक अणुपाणबुडी गमावली, १९६८ मधली स्कॉर्पियन, ९९ माणसांसह. तिला सबसेफचं पूर्ण प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं आणि ती का बुडाली याचा नक्की निकाल आजवर लागलेला नाही. प्रमाणपत्र मिळालेली एकही बोट आजतागायत बुडालेली नाही. १२९ फुटांच्या खांबापेक्षा हे मोठं स्मारक, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता थ्रेशर जिथे दुरुस्त केली ती गोदी. नाव पोर्ट्समथ नेव्हल शिपयार्ड, पण जागा किटरीची, नदीतल्या बेटावर. आत सेलफिश या पाणबुडीचा कॉनिंग टॉवर (पाठीवरचा बुरूज) स्मारक म्हणून उभा केलेला आहे. सर्वसामान्य माणसाला आत सोडत नाहीत. फाटकापर्यंत जाऊन ‘विचारून बघू’ हा आपला नेहमीचा उपाय इथे करू नका, विशेषतः व्हिसावर असाल तर, आणि फाटकाचे फोटोही काढू नका. त्यापेक्षा पूल ओलांडून पोर्ट्समथ शहरात पीअर्स आयलंडवर जा. नदीपलीकडची गोदी तिथून छान दिसते आणि बसायला बाकं आहेत.

त्या बाकावर बसून सेलफिशची गोष्ट वाचावी. तिचं पहिलं नाव स्क्वालस. २३ मे १९३९ ला आइल्स ऑफ शोल्सजवळ चाचणीची बुडी मारताना इंजिनांना हवा पुरवणारी मुख्य झडप उघडी राहिली. नियंत्रण-फलकावरचे दिवे मात्र सगळं बंद असल्याचं दाखवत होते. मागच्या भागात पाणी भरलं आणि तिथली २६ माणसं गेली. पुढच्या भागातली ३३ माणसं २४३ फुटांवर अंधारात जिवंत होती. तिची जुळी बोट स्कल्पिन शोधत आली. तिला खुणेची तरंगती बोय सापडली, बोयमधल्या टेलिफोनवर दोन शब्द बोलणं झालं आणि तार तुटली. मग मॅकॅन रेस्क्यू चेंबर आणलं. घंटेच्या आकाराची ही पोलादी कोठी तारेच्या आधाराने थेट पाणबुडीच्या झाकणावर नेऊन बसवतात. चार फेऱ्यांत ७, ९, ९ आणि ८ अशी सगळी ३३ माणसं वर आली. शेवटच्या फेरीत तार अडकली, तिचे पीळ सुटू लागले आणि कोठी हातांनी ओढून घ्यावी लागली.

हे चेंबर तयार असण्याला कारण होतं. डिसेंबर १९२७ मध्ये प्रॉव्हिन्सटाउनपाशी एस-४ ही पाणबुडी टक्कर होऊन बुडाली. सहा माणसं पुढच्या कप्प्यात जिवंत होती आणि आतून ठोके देऊन निरोप पाठवत होती. वादळामुळे वरून काहीच करता आलं नाही, आणि एकूण ४० माणसं गेली. त्या ठोक्यांनी ज्यांची झोप उडवली त्यांनीच पुढे ही सुटकेची साधनं घडवली.

स्क्वालस वर काढली, दुरुस्त केली आणि सेलफिश या नावाने युद्धावर धाडली. नोव्हेंबर १९४३ मध्ये जपान्यांनी स्कल्पिन बुडवली. कैद झालेल्यांपैकी २१ जण चुयो या विमानवाहू जहाजावर होते. ४ डिसेंबरला चुयोला टॉर्पेडो मारून बुडवलं ते सेलफिशने. ते २१ कैदी आत आहेत याची तिच्यावर कोणालाच कल्पना नव्हती. त्यांतला एकच वाचला.

मराठी वाचकासाठी जाता जाता एक नोंद. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची गाझी मुळात अमेरिकेची डायब्लो. तीही याच गोदीत बांधलेली.

दुपारी पोर्ट्समथमधलं अल्बाकोर या पाणबुडीचं संग्रहालय. पत्ता ५६९, सबमरीन वे, आणि ५६९ हा बोटीचाच क्रमांक. ही लढलेली बोट नव्हे, प्रयोगाची बोट. आजच्या पाणबुड्यांचा थेंबासारखा आकार हिच्यावर सिद्ध झाला. ती पाण्याबाहेर, काँक्रीटच्या आधारावर ठेवली आहे, त्यामुळे पोटापासून शेपटीपर्यंत सगळं अंग दिसतं. आतल्या दारांत आधी पाय घाला, मग डोकं वाकवा, मग दुसरा पाय. घाईत क्रम बदलला की कपाळाला पोलाद लागतं. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरूनच बघावं. जुलै-ऑगस्टमध्ये आत चांगलंच उकडतं. तिकीट आहे, आणि हिवाळ्यात वेळा बदलतात, म्हणून आधी फोन करा. पण खरं थांबायचं ते आवारातल्या स्मृतिबागेत. याच नावाची आधीची अल्बाकोर नोव्हेंबर १९४४ मध्ये होक्काइडोजवळ सुरुंगाने गेली. ते अवशेष तिचेच, याची खातरजमा २०२३ मध्ये झाली. घरच्यांना ठिकाण कळायला ७८ वर्षं लागली.

रात्री पोर्ट्समथला राहणं महाग पडतं, विशेषतः उन्हाळ्यात. संध्याकाळीच दक्षिणेकडे सरकून वुस्टरच्या आसपास मुक्काम केला तर खर्चही वाचतो आणि सकाळचं अंतरही. रस्ता आय-४९५, आय-२९०, मग आय-३९५ ने नॉर्विचकडे आणि पुढे रूट १२. पोर्ट्समथ ते ग्रोटन सलग केलं तर तीन तास धरा.

ग्रोटनचं सबमरीन फोर्स म्युझियम नौदल तळाच्या अगदी फाटकाशी, पण फाटकाबाहेर आहे. नकाशात म्युझियमचं नाव टाका, नुसतं ‘सबमरीन बेस’ टाकलंत तर थेट पहारेकऱ्यापुढे जाऊन उभे राहाल. मंगळवारी बंद असतं, आणि सगळ्यात जास्त फजिती होते ती यामुळेच. दाराबाहेर लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या पाणबुडीच्या घेराची कडी उभी केली आहेत, मुलांना तिथेच उभं करून फरक दाखवा. नॉटिलसवर बाबागाडी नेता येत नाही आणि अणुभट्टीचा भाग बंद आहे. पुढचे कप्पे बघायला अर्धा-पाऊण तास पुरतो. ती १९५४ ची, ३ ऑगस्ट १९५८ ला उत्तर ध्रुवाखालून गेलेली. देखभाल नौदलाच्याच माणसांकडे आहे, नेमके प्रश्न विचारले की नेमकी उत्तरं मिळतात.

मग थेम्स स्ट्रीट आणि ब्रिज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं फ्लॅशर स्मारक. गाड्या लावायला जागा थोडी, म्हणून सकाळी लवकर या. मध्ये फ्लॅशरचा कॉनिंग टॉवर, भोवती ५२ बोटींचे दगड, आणि ग्रॅनाइटच्या भिंतीवर साडेतीन हजारांहून जास्त नावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात पाणबुडीवाले दोन टक्क्यांहून कमी होते, पण जपानची बुडालेली निम्म्याहून अधिक जहाजं त्यांच्या खात्यावर आहेत, आणि समुद्रावर गेलेल्यांतला दर पाचवा माणूस परतला नाही. आधी स्कल्पिन शोधा, मग अल्बाकोर, मग टँग. टँगला तिच्याच टॉर्पेडोने गाठलं : तो गोल फिरून परत आला, आणि नऊ जण वाचले.

समारंभ बघायचा असेल तर किटरीला १० एप्रिलच्या आसपास थ्रेशरची स्मृतिसभा होते आणि मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, बहुतेक स्मारकांवर कार्यक्रम असतात. पाणबुडीवाल्यांची जुनी रीत अशी : एकेका बोटीचं नाव, तारीख आणि माणसांची संख्या वाचायची आणि घंटेचा एक ठोका द्यायचा. निवृत्त पाणबुडीवाल्यांच्या मासिक बैठकांतही त्या-त्या महिन्यात गेलेल्या बोटी अशाच वाचतात. घरी, वयाने वारलेल्या सोबत्यालाही ते ‘कायमच्या गस्तीवर’ गेला असंच म्हणतात. पाहुण्याने उभं राहावं, टोपी काढावी, फोन बंद ठेवावा आणि टाळ्या वाजवू नयेत. घंटेचं चित्रीकरण करायचं असेल तर आधी विचारा. शेजारी उभी असलेली म्हातारी बाई कोणाची तरी मुलगी असू शकते.

एखाद्या विशिष्ट बोटीबद्दल किंवा माणसाबद्दल खोलात शिरायचं असेल तर म्युझियमचं ग्रंथालय आहे, पण वेळ आधी ठरवूनच आत घेतात. जाताना बोटीचं नाव, क्रमांक आणि साल तिन्ही लिहून न्या. एकच नाव दोन-तीन बोटींना दिलेलं असतं, त्यामुळे नुसतं ‘अल्बाकोर’ म्हणून विचारलंत तर भलतीच फाईल पुढ्यात येईल.

बॉस्टनला परतताना अर्धा दिवस हाताशी असेल तर फॉल रिव्हरला वळा. तिथल्या बॅटलशिप कोव्हमध्ये लायनफिश ही महायुद्धातली पाणबुडी आहे. दगडांवरच्या अनेक बोटी साधारण याच घडणीच्या होत्या, आणि ८० माणसं तीनशे फुटांत कशी राहत होती हे बिछान्यांच्या रांगा बघून लगेच कळतं. तिथे तिकीट आहे आणि हिवाळ्यात वेळा कमी असतात.